अल्पवयी मूल दारीं आलें असतां

गांवच्या पाळकाच्या किंवा उपदेशकाच्या दारीं कधीं कधीं पंधरा-सोळा वर्षांचें मूल आईबापांस न सांगतां येतें व म्हणतें, "मला येथेंच राहूं द्या." अशा वेळीं दया म्हणते, ठेवून घे, भीति म्हणते, घालवून दे. कायदा ह्या दोहोंपैकीं एकहि गोष्ट सांगत नाहीं.

१८ वर्षें पुरीं होईपर्यंत मूल अल्पवयी होय. घर सोडणें हा त्या मुलाचा गुन्हा नव्हे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पालकांच्या संमतीवांचून त्यास नेणारा किंवा फूस लावणारा, तो गुन्हेगार. जुन्या दंडसंहितेंत मुलग्यांस ही मर्यादा १६ वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १३७ व्या कलमानें मुलगा व मुलगी दोघांसहि ती १८ झाली. मुलास नेणें वेगळें व आपण होऊन आलेल्यास सोबत येऊं देणें वेगळें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं वरदराजन् खटल्यांत ठरविलें खरें; परंतु त्यांतली मुलगी अठराव्या वर्षाच्या अगदीं उंबरठ्यावर होती व समजून उमजून निघाली होती. लहान मुलाच्या बाबतींत त्या निर्णयावर विसंबणें बरें नव्हे.

हा प्रश्न आपल्या मंडळ्यांस नवा नाहीं. १८३९ सालीं मुंबईंत धनजीभाई नवरोजी हा सोळा-सतरा वर्षांचा पारशी तरुण ख्रिस्ती झाला. नातलग न्यायालयांत गेले. न्यायालयानें त्यास मन मानेल तिकडे जाऊं दिलें, व तो डॉ. विल्सन ह्यांच्याकडे राहिला. पुढें १८४३ सालीं नारायण शेषाद्रि ह्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरी नेस्बिट साहेबांच्या आश्रयास राहिला. त्याचें वय सुमारें बारा. त्यास मात्र न्यायालयानें बापाच्या स्वाधीन केलें. मिशनरी लोकांस तें अन्यायाचें वाटलें. इकडे त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं ह्यावर शास्त्रीमंडळींत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनीं घेण्याचा पक्ष धरिला. म्हणजे तें लेंकरूं दोन्हीं बाजूंच्या ओढाताणींत सांपडलें.

श्रीपताची श्रद्धा खोटी होती असें कोण म्हणेल? बारा वर्षांच्या मुलासहि विवेकबुद्धि असते. तरी मला तो निकाल योग्य वाटतो. आपलाच बारा वर्षांचा मुलगा एखाद्या मठांत जाऊन बसला, आणि महंत म्हणाले, "तो स्वखुशीनें आला आहे, आम्ही देत नाहीं," तर आपण काय करूं? जो न्याय आपण स्वतःसाठीं मागूं, तोच दुसऱ्या बापास दिला पाहिजे. आपला प्रभुहि बारा वर्षांचा असतां आईबापांस न कळवितां यरुशलेमेंतील मंदिरांत राहिला. पित्याच्या घरीं असणें त्यास अवश्य वाटलें. तरी मरीया व योसेफ शोधीत आले तेव्हां तो त्यांच्याबरोबर नासरेथास परत गेला. लूकाच्या दुसऱ्या अध्यायाचा हा शेवट आपण उपदेशांत फारसा घेत नाहीं.

परंतु बाप दारू पिऊन मारीत असेल, किंवा मुलीचें लग्न बळेंच उरकीत असेल तर? तेव्हां बापाचा हक्क पुढें करून मुलास त्याच हातीं परत देणें हें क्रौर्य होय. तरी त्यास लपवून ठेवणेंहि आपलें काम नव्हे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणें घरांतून पळालेलें मूल संरक्षणास पात्र आहे. पालकांपासून दुरावलेलें निराधार मूल आढळल्यास २४ तासांच्या आंत पोलिसांस, बालकल्याण समितीस किंवा १०९८ ह्या क्रमांकावर कळवावें लागतें. समिती मुलाचें म्हणणें ऐकून घेते, व घर सुरक्षित आहे कीं नाहीं ह्याची चौकशी करविते. जिल्ह्याच्या गांवीं जाणें त्रासाचें असतें हें खरें. पण हा निवाडा एकट्या उपदेशकानें करावयाचा नाहीं.

"कोणास सांगूं नका," असें मूल बहुधा रडत रडत म्हणतें. तसें वचन देऊं नये. त्यास आधीं जेवूं घालावें, घरच्या बाईमाणसांजवळ निजवावें, आणि आपण कोणास व केव्हां कळविणार हें त्यास तोंडावर सांगावें. मंडळीच्या एका वडिलास त्याच रात्रीं बोलावून आणावें, व मूल किती वाजतां आलें तें लिहून ठेवावें.