नाण्याचें नांव आणि नाण्याचें मोल

अंगठ्याच्या नखाएवढी चांदीची पातळ चकती, कडा वांकड्यातिकड्या, वजन जेमतेम चार-पांच गुंजा: मध्ययुगाच्या अखेरीस हंगेरीचे राजे हातोड्याच्या घावानें जें ‘देनार’ नाणें पाडीत, त्याचें स्वरूप हें असें. एवढ्याशा वस्तूंत नीतीचा प्रश्न कसला, असें वाचक विचारतील. पण तो आम्हीं काढलेला नाहीं. ट्रान्सिल्व्हानियांतील कुळांनीं तो सुमारें सहाशें वर्षांपूर्वीं काढला.

राजा सिगिस्मुंड (१३८७–१४३७) याच्या अखेरच्या वर्षांत चांदींत तांबें वाढत गेलें व हिणकस नाण्यांचा सुळसुळाट झाला. ट्रान्सिल्व्हानियाचे बिशप ग्यॉर्गी लेपेश यांनीं असल्या नाण्यांत दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, घेणें कांहीं वर्षें थांबविलें. पुढें चांगलें नाणें निघतांच साऱ्या वर्षांची थकबाकी त्यांनीं एकदम, आणि नव्या नाण्यांत, मागितली. न देणाऱ्यांवर धर्मबहिष्कार! १४३७ सालीं कुळें बंड करून उठलीं.

बिशपांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. खोटें नाणें जाणूनबुजून पदरांत घ्यावें, असें त्यांच्यावर बंधन थोडेंच होतें? पण कुळानें धान्य विकलें तें त्याच नाण्यांत; दुसरें त्यानें आणावें कोठून? संख्या तीच, नांव तेंच, मागणी मात्र निराळ्याच वस्तूची. अक्षराला अक्षर जुळलें कीं न्याय झाला, असें मानणारे लोक सर्व काळीं असतात. उघड लबाडाहून ते आम्हांस अधिक घातक वाटतात, कारण त्यांचें मन त्यांस टोंचत नाहीं. आणि नवल असें, कीं ज्याच्या नांवाचा छाप नाण्यावर, तो राजा या वादांत प्रतिवादीच नाहीं! भांडले ते फसविले गेलेले दोघे.

जुलैंत तह होऊन दशमांश निम्म्यावर आला. पण सप्टेंबरांत सरदार, सॅक्सन व सेकेय यांनीं कुळांविरुद्ध एकजूट केली. डिसेंबरांत बंडाचा पुढारी अंताल बुदाई नॉज लढाईंत पडला. १४३८ च्या जानेवारींत बंड मोडलें. पुढें राजा मात्याश (१४५८–१४९०) यानें बालयेशूसह मेरीची आकृति असलेले चोख देनार पाडले. शंभरांस एक सोन्याचा फ्लोरिन. ते हातीं धरण्यास १४३७ च्या कुळांपैकीं फारसें कोणी उरलें नसावें.