दुसऱ्यांचीं लेंकरें आणि आपलें लेंकरूं

अकोले तालुक्यांत मुळा नदीच्या खोऱ्यांतील एका वाडीवर गेल्या पावसाळ्यांत आम्हांस एक रात्र मुक्काम करावा लागला. भाताची आवणी जोरांत चालली होती. घरचीं धडधाकट माणसें उजाडतांच चिखलांत उतरलेलीं, आणि लहानगीं मुलें थोरल्या भावंडांचें बोट धरून अंगणवाडीकडे निघालेलीं. तेथील सेविका आपल्याच मंडळींतली आहे. तिची मुलगी चौथींत शिकते, आणि चार वर्षांचा मुलगा तिच्याच अंगणवाडींत इतर मुलांबरोबर बसतो.

खिचडी वाढतांना आम्ही तेथें होतों. मुलगा ताटली घेऊन सर्वांच्या पुढें आला; तिनें त्याला मागें बसविलें व शेवटीं वाढलें. गोष्ट सांगतांना तो मांडीवर येऊं पाहत होता, पण मांडीवर दुसरेंच एक रडणारें पोर होतें. तेथें तिला ‘आई’ म्हणावयाचें नाहीं, सर्व मुलांप्रमाणें ‘बाई’ म्हणावयाचें, असें तिनें त्याला शिकविलें आहे. गांवांतील कोणी म्हणूं नये कीं, सरकारी खाऊ हिच्या पोराला अधिक मिळतो.

रात्रीं भाकरी झाल्यावर ती म्हणाली, “मास्तर, लोकांचीं पोरं सांभाळतां सांभाळतां माझीं उपाशी तर राहत नाहींत ना? पोटाचं म्हणत नाहीं मी.”

“बाई, ही सेवाच आहे,” असें आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, आणि मग रात्रभर त्या उत्तराची लाज वाटली. प्रश्न तिनें खरा विचारला होता. आम्हीं मात्र तो शब्दानें झांकून टाकला.

या प्रश्नास लोक दोन प्रकारें उत्तर देतात. कोणी म्हणतो, आईची जागा घरीं. हें म्हणणारा बहुधा पुरुष असतो. हिचा नवरा आवणी संपली कीं नारायणगांवाकडे मजुरीस जातो व महिना महिना परत येत नाहीं. त्याला हा प्रश्न कोणींही विचारलेला नाहीं. शिवाय घरांतलें मीठमिरची तिच्या मानधनांतून येतें. (त्यास ‘पगार’ म्हणत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढें ठरावयास २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें.) दुसरा म्हणतो, तूं देवाचें काम कर, देव तुझीं मुलें पाहील. हें उत्तर आम्हांस पहिल्याहून वाईट वाटतें. त्यांत आपला भार देवावर घालण्याचा आव असतो, पण खरें पाहतां तो त्या लेंकरावरच घातला जातो.

पंडिता रमाबाईंचें चरित्र आपल्या घरोघर ठाऊक आहे, तरी त्यांतील एका भागाकडे आपण फारसें पाहत नाहीं. १८८२ सालीं पति वारले तेव्हां मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढील वर्षीं तिला घेऊन बाई इंग्लंडास गेल्या. चेल्टनहॅम येथें त्या शिकत व शिकवीत असतां मनोरमा वाँटेज येथील भगिनींपाशीं राहत असे. नंतर १८८६ सालीं अमेरिकेस गेल्यावर त्यांनीं फिलाडेल्फियांत बालशिक्षणाची रीत शिकून घेतली. फ्रोबेल या जर्मन गुरूनें काढलेल्या या शाळेच्या नांवाचा अर्थ ‘मुलांचा बाग’ असा होतो. आमच्या ‘बालवाडी’ शब्दांतही तोच वास आहे. म्हणजे आपल्या देशांतील मुलांना कसें शिकवावें हें शिकण्याकरितां जी आई बाहेर पडली, तिच्या स्वतःच्या मुलीच्या बालपणाचा कांहीं काळ परक्यांच्या हातांखालीं गेला. हें गोड करून सांगण्याची आमची इच्छा नाहीं. चार वर्षांच्या मुलीला जी रात्र आईवांचून काढावी लागली, ती पुढें शारदा सदन निघालें म्हणून परत मिळाली नाहीं.

परंतु वाँटेजच्या भगिनींशीं बाईंचा झालेला पत्रव्यवहार ज्यांनीं वाचला असेल, त्यांना दुसरीही एक गोष्ट दिसली असेल. मुलीला कोणता धर्मबोध द्यावा, तिला कसें वाढवावें, यांविषयीं त्या भगिनींचा निर्णय बाईंनीं मुकाट्यानें मान्य केला नाहीं. ज्यांच्या घरीं मूल ठेवलें, ज्यांचे उपकार घेतले, त्यांच्याशींच त्या या बाबतींत वाद घालीत राहिल्या. खाऊंपिऊं घालणें, निजविणें त्यांनीं दुसऱ्यांकडे दिलें. मुलीसाठीं जाब देणें मात्र आपल्याकडे ठेविलें.

आम्हांस वाटतें कीं, सर्व भेद येथेंच आहे. जें लेंकरूं दिवसभर पदराशीं आहे तें सांभाळलें गेलें, असें मुळींच नाहीं. शिलो येथील एलीचें उदाहरण घ्या. परक्याचा मुलगा शमुवेल त्यानें उत्तम शिकविला. त्याचे स्वतःचे मुलगे हफनी व फिनहास त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच मंडपांत होते. तरी बिघडले, कारण त्यांना आवरण्याचें काम बापानें सोडून दिलें होतें. उलट हन्ना दूर रामा येथें राहत असे, पण दर वर्षीं मुलासाठीं लहानसा झगा शिवून नेई. अंगरख्याचें माप लक्षांत ठेवण्यास मुलगा किती वाढला असेल हें वर्षभर मनांत मोजावें लागतें.

आतां आपल्या सेविकेकडे येऊं. तिनें मुलाला शेवटीं वाढलें यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. न्याय काय असतो, तो आईच्या हातून शिकणें हें मुलाचें नुकसान नव्हे. शेवटीं वाढावें, पण कमी वाढूं नये. आणि लोकनिंदेच्या भयानें कित्येक शिक्षक स्वतःच्या मुलास कमीच वाढतात, हें आम्हीं पाहिलें आहे. शिक्षा मात्र दुप्पट करितात. असा न्याय खरा नव्हे. तो गांवाला दाखविण्याकरितां केलेला असतो, आणि त्याची किंमत मूल देतें. ‘बाई’ म्हणावयास लावण्याविषयींही आमचें तेंच मत आहे. दाराच्या आंत ‘बाई’ असावी. पण दाराबाहेर पाऊल पडतांच ती ‘आई’ झाली पाहिजे. आणि आम्हीं पाहिलें तें असें कीं, दार लावल्यावरही तिची नोंद संपत नाहीं. मुलांचीं वजनें, उंची, आहार हें सर्व मोबाइलांत भरावें लागतें. गरोदर बायांच्या घरीं जावें लागतें. रेंज मिळाली नाहीं तर टेकडीवर चढावें लागतें.

त्यांतच प्रशिक्षण आलें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत असें सुचविलें आहे कीं, बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा व त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम द्यावा, आणि तो काम न सोडतां, मोबाइलासारख्या साधनांनीं, महिन्यांतून निदान एक संपर्कवर्ग ठेवून पुरा व्हावा. काम न सोडतां, हें ठीक. पण ‘काम’ म्हणजे कोणतें, याचा विचार करणाऱ्यांनीं चुलीचा हिशेब धरला होता काय, अशी शंका येते. आमची सेविका अशाच एका वर्गाचे पाठ रात्रीं भांडीं घासून झाल्यावर पाहते. त्या रात्रींचा पाठ होता, मूल बोलूं लागलें म्हणजे हातचें काम ठेवून त्याच्याकडे पाहावें व उत्तर द्यावें. मुलगा तिची ओढणी ओढून कांहीं सांगत होता. ती म्हणाली, “थांब, एवढं ऐकूं दे.”

तेव्हां ती हंसली नाहीं, आम्हीही हंसलों नाहीं.

तिचा दोष कोठें आहे म्हणून आम्हीं शोधलें, आणि शोधतां शोधतां आमच्याच दारीं आलों. १९४५ सालीं बोर्डी येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं खेड्यांतल्या मुलांसाठीं काम आरंभिलें, तेव्हां शाळा पाड्यावरील अंगणांत नेली. कारण मूल शाळेपर्यंत येऊं शकत नव्हतें. याच ताराबाईंनीं पतीपासून वेगळें झाल्यावर आपली मुलगी वाढवीत वाढवीतच बालशिक्षणाची वाट धरली होती. अंगण म्हणजे शेजाऱ्यांचा डोळा, आजीचा हात, वाटेनें जाणाऱ्याची हांक. आपण अंगणवाडी घेतली. अंगण मात्र एका बाईवर सोडून दिलें. वीस घरांचीं मुलें ती पाहते, तिचीं दोन पाहावयास वीसांपैकीं एकही घर पुढें येत नाहीं, आणि वर तिनेंच पाप केलें कीं काय असें तिला वाटत राहतें.

पुढील संपर्कवर्ग अकोल्यास होता. सकाळच्या एस. टी. नें जावयाचें, परत यावयास रात्र. सकाळीं निघतांना मंडळीचे पंच भेटले. त्या दिवशीं हिचीं मुलें कोण पाहील, असें आम्हीं विचारलें. दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. तिसरा म्हणाला, बैठकींत विषय काढूं. त्याची म्हातारी आई ओट्यावर तांदूळ निवडीत होती. मान वर न करतांच ती म्हणाली, “पोरीला माझ्याकडं घालून जा म्हणावं. पोरगंबी. बैठक कशाला पाहिजे त्याला?”