शेजाऱ्याचे मांजर

शेजाऱ्याचे मांजर आपल्या स्वयंपाकघरात शिरून दुधात तोंड घालते, अगर परसातील नुकत्याच पेरलेल्या मेथीच्या वाफ्यात उकरून घाण करून जाते, या घटनेचा नीतिशास्त्राशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. नीतीचे प्रश्न म्हटले की सत्यासाठी राज्य सोडणारा राजा, किंवा रणांगणावर धनुष्य खाली ठेवणारा योद्धा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु राज्य सोडण्याचा प्रसंग आपणांपैकी किती जणांवर येतो? शेजाऱ्याच्या मांजराचा प्रसंग मात्र घरोघर येतो. आणि मनुष्याची न्यायबुद्धी, दया व धैर्य ही तिन्ही त्या वेळी कसाला लागतात. म्हणून हा विषय क्षुल्लक समजून सोडून देणे मला बरोबर वाटत नाही.

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरुड हे मोठे गाव आहे. या भागातील जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदाची. एका घराचे माळवद दुसऱ्याच्या माळवदाला लागलेले असल्यामुळे गल्लीच्या या टोकाच्या मांजराला त्या टोकाच्या घरात उतरण्यासाठी जमिनीवर पाय ठेवण्याचीही गरज पडत नसे. अशा वस्तीत अमुक मांजर अमक्याच घरचे, असे म्हणणे कठीणच होते. घरातील बाईने दुधाचे भांडे शिंक्यावर ठेवावे, भाकरीच्या टोपलीवर जड झाकण घालावे, आणि माळवदावर वाळवण असेल त्या दिवशी एखाद्या पोरास राखणीला बसवावे, अशी रीत होती. शिंके ही वस्तू मोठी अर्थपूर्ण आहे. तिच्यात मांजराच्या येण्यास बंदी नाही; त्याच्या उडीच्या टप्प्यातून दूध काढून घेतले आहे, एवढेच.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीच्या भाराची छपरे जिवावर कशी उठतात हे साऱ्या जिल्ह्याने पाहिले, आणि त्यानंतर सिमेंटची घरे, पत्र्याची छपरे व सुटी बांधकामे वाढत गेली. घराभोवती कुंपणाची भिंत आली, तसा ‘माझे’ आणि ‘तुझे’ यांचा हिशेबही नेमका झाला. मांजराला मात्र हा बदल कोणी कळविलेला नाही. ते पूर्वीसारखेच भिंतीवरून चालत येते. आणि पूर्वी ज्या येण्याचे कोणाला काही वाटत नसे, ते आता अतिक्रमण ठरते.

वस्तुतः मांजर हे माणसाने बळाने पकडून आणून माणसाळविलेले जनावर नव्हे. माणूस धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले, आणि उंदरांमागे मांजर आले, असेच त्याच्या सहवासाच्या आरंभाविषयी शास्त्रज्ञ सांगतात. सायप्रस बेटावरील सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारी मांजराचा सांगाडा आढळला. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. इतक्या दीर्घ सहवासानंतरही या प्राण्याने दावे पत्करलेले नाही. बैल गोठ्यात राहतो, कुत्रा धन्याच्या मागे चालतो. मांजर घरात राहते, पण कोणाच्या हुकमतीत राहत नाही.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा जो कायदा झाला, त्यात हत्ती, उंट, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी यांची नावे आहेत. यांपैकी कोणी दुसऱ्याच्या शेतात शिरून नासधूस केली तर त्यास कोंडवाड्यात घालावे व मालकाने दंड भरून सोडवून न्यावे. त्या यादीत मांजराचे नाव नाही. इंग्लंडातील अपील कोर्टापुढे १९२६ साली एक खटला आला होता. एकाच्या मांजराने शेजाऱ्याची तेरा कबुतरे व दोन लहान जातीच्या कोंबड्या मारल्या होत्या. मांजर आपल्या स्वभावधर्माप्रमाणे वागले, याबद्दल मालकास जबाबदार धरता येत नाही, असा तेथे निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच असेल. पण ज्याची पंधरा पाखरे गेली त्याचे समाधान त्याने कसे व्हावे? जेथे कायदा हात टेकतो, तेथे शेजारधर्माचे काम सुरू होते.

आता असा विचार करू की नुकसान झाले आहे, एकदा नव्हे तर वारंवार झाले आहे, आणि गृहस्थ त्रासून गेला आहे. तो काय करतो? आपल्या लहान गावांतून जो उपाय सर्रास चालतो तो सर्वांस ठाऊक आहे. मांजराला दुधाचे आमिष दाखवून पोत्यात घालावयाचे, तोंड सुतळीने बांधावयाचे, आणि दोनचार गावे ओलांडून एखाद्या शिवारात, बाजारात किंवा स्टेशनाजवळ सोडून यावयाचे. घरी येऊन हातपाय धुतले की प्रकरण मिटले. शेजारीण संध्याकाळी ‘आमची मनी दिसली का हो?’ म्हणून विचारावयास येते, तेव्हा ‘नाही बाई, सकाळपासून नाही दिसली’ असे सांगितले जाते. हे उत्तर अक्षरशः खरेही असते.

या उपायाची मौज अशी की तो करणारा मनुष्य स्वतःस दयाळू समजतो. मांजर मारणे हे आपल्याकडे महापाप; त्याच्या प्रायश्चित्तासाठी सोन्याचे मांजर करून काशीस दान द्यावे लागते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्या समजुतीमागे मुक्या जिवाविषयी कळवळा होता. आपण तिचे अक्षर पाळले आणि कळवळा सोडून दिला. मांजर मारावयाचे नाही ना? मग मारू नये, फक्त सोडून द्यावे. पुढे ते परक्या हद्दीतल्या कुत्र्यांनी फाडले, उन्हाळ्यात पाण्यावाचून तडफडले, किंवा रस्त्यावरच्या गाडीखाली सापडले, तर ते त्याचे दैव! लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले ते २०१६ साल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तरी अनोळखी शिवारात सोडलेल्या जिवाची एप्रिल-मे महिन्यांत काय गत होते हे वेगळे सांगावयास नको. उपासमार वा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि प्राण्यास ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे हा १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. परंतु येथे कायद्याचा धाक दाखविण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न असा आहे की एरवी पापभीरू, सज्जन असा गृहस्थ हे करावयास का धजतो?

माझ्या मते त्याचे कारण क्रौर्य हे नव्हे. भीड हे होय. तक्रार वास्तविक शेजाऱ्याविरुद्ध आहे. मांजरास दूध घालणारा तो, पिले वाढू देणारा तो. पण शेजाऱ्यास तोंडावर बोलणे अवघड. त्याच्याशी रोजचा संबंध, सणासुदीला ताटांची देवघेव, अडीअडचणीला एकमेकांचा आधार. मांजरासारख्या गोष्टीवरून वाईटपणा कोणी घ्यावा? म्हणून जो उलट बोलू शकतो त्यास आपण काही म्हणत नाही, आणि जे उलट बोलू शकत नाही त्यास शिक्षा करतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. पण कित्येकदा ती निर्दयतेचीही बहीण असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

येथे निवारण आणि शिक्षा यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. खिडकीला जाळी बसविणे, दूध झाकून ठेवणे, वाफ्यावर बोराटीच्या फांद्या अंथरणे, घरात शिरलेल्या मांजरास टाळी वाजवून हाकलणे, हे सर्व निवारण होय. आपले घर राखण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, आणि तो बजावताना मांजराची थोडी गैरसोय झाली तर त्यात अन्याय नाही. परंतु अंगावर कढत पाणी टाकणे, काठीने पाय मोडणे किंवा पोत्यात घालून देशोधडीस लावणे ही शिक्षा झाली. शिक्षेला अर्थ येतो तो अपराध्यास अपराध कळतो म्हणून. मांजराला उघडे दूध हे दूध असते. ते चोरीचे की घरचे हा भेद त्याच्या जगात नाही. जेथे अपराधच संभवत नाही तेथे शिक्षा म्हणजे केवळ आपल्या रागाला दिलेली वाट. जर्मन तत्त्ववेत्ता कांट हा पशूंविषयी माणसाचे साक्षात कर्तव्य मानीत नसे; तरीही पशूंशी निर्दयपणे वागणारा मनुष्य माणसांशी वागतानाही कठोर होत जातो, एवढे त्याने मान्य केले होते. पशूला दुःख होते हेच मूळ कारण मानणाऱ्या बेंथामचे मत मला अधिक पटते. पण दोघांपैकी कोणाचेही मत घेतले तरी पोत्याचे समर्थन होत नाही.

तथापि या प्रकरणी सारा दोष तक्रार करणाऱ्याच्या पदरी घालणे हा दुसरा अन्याय होईल. मांजर पाळणाऱ्याची वृत्तीही तपासून पाहण्यासारखी असते. ते मांडीवर येऊन बसले, उंदीर मारून आणला, मुलांशी खेळले, की ते ‘आमचे’ असते. त्याने शेजाऱ्याच्या कोंबडीची पिले खाल्ली की लगेच ‘ते काय, कोठलेही आहे, येते नि जाते’ असे उत्तर तयार असते. सुखापुरती मालकी सांगावी आणि नुकसान आले की ती नाकारावी, हा व्यवहार कोणत्याही दुकानात चालणार नाही. तो मांजराच्या बाबतीत का चालावा? १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ मोकाट कुत्री मारविली आणि त्यावरून मोठा वाद माजला, तेव्हा महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’मधून लेख लिहून अनेक अहिंसावाद्यांचा रोष ओढवून घेतला. कुत्री मारण्याविषयीचे त्यांचे मत कोणास पटो वा न पटो. पण पाळण्याची जबाबदारी न घेता नुसता तुकडा टाकणे ही दया नव्हे, हा त्यांच्या म्हणण्यातील गाभा नाकारणे कठीण आहे. या चुकीचे दुसरे टोक फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात दिसले. तेथील एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे ठेवलेली आढळली, शेजाऱ्यांनी दुर्गंधी व गोंगाट यांची तक्रार केली आणि महापालिकेला नोटीस द्यावी लागली. प्रेमाला जेव्हा मर्यादेचे भान राहत नाही, तेव्हा त्याचा भार पाळणाऱ्यापेक्षा इतरांवर अधिक पडतो.

मांजरीचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांच्या आसपास असतो, आणि वर्षातून दोनतीनदा ती विते. तेव्हा एक मांजर पाळणे हा एका मांजराचा प्रश्न राहत नाही. पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घेणे हे काहींना निसर्गाविरुद्ध वाटते. पण दर खेपेस चार पिले पाटीत घालून कोणाच्या तरी दारात ठेवून येणे हे निसर्गाला धरून आहे काय? शस्त्रक्रिया करावी, पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी, घरीच वेळेवर पोटभर खावयास घालावे, परसाच्या कोपऱ्यात वाळूची जागा करून द्यावी, आणि इतके करूनही शेजाऱ्याचे काही बिघडले तर आपण होऊन जाऊन भरून द्यावे. एवढे ज्यास जमत नाही त्याने ‘आमची मनी’ हा शब्द उच्चारू नये.

यावर कोणी म्हणेल की बोलण्याने वैर मात्र वाढेल. पंचतंत्रात एका ढोलीवरून भांडणारा पक्षी आणि ससा यांची गोष्ट आहे. आपसांत बोलून निकाल लागेना, म्हणून ते दोघे तपस्व्याचे सोंग घेतलेल्या मांजराकडे न्याय मागावयास गेले. आणि त्याने जवळ बोलावून दोघांसही खाऊन टाकले. शेजाऱ्यांतील भांडण मिटविण्याचे काम तिसऱ्यावर टाकले की काय होते, हे त्यात आले आहे. आपण आज त्याच गोष्टीची उलट बाजू करतो: दोन शेजारी आपसांत बोलत नाहीत आणि मरते ते मांजर.

शिवाय बोलावयास जाण्यापूर्वी आपला हिशेब पुरा मांडलेला असावा. आपल्या कोठीतील तुरीच्या व ज्वारीच्या पोत्यांभोवती उंदीर कमी झाले आहेत ते कोणाच्या कृपेने? आपला रेडिओ, आपल्या चुलीचा धूर, आपल्या मुलांचा चेंडू हे कुंपण ओलांडून जात नाहीत काय? शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या काकूंना त्या मांजरावाचून दिवसभर बोलावयास दुसरे कोणी नसेल, तर उकरलेल्या वाफ्याची किंमत थोडी कमी धरावयास नको काय? असा हिशेब करून मनुष्य गेला की त्याच्या तोंडून आपोआपच ‘तुमच्या मांजराचा बंदोबस्त करा’ असे न येता, ‘काकू, यावर आपण दोघांनी मिळून काय करावे?’ असे येते. याचे उत्तर दर वेळी गोड मिळेल असे नाही. क्वचित चार दिवस अबोलाही राहील. पण तो अबोला ज्यांच्यात वाद आहे त्या दोन माणसांत राहील. त्याची भरपाई अनोळखी शिवारात कोणा मुक्या जिवास करावी लागणार नाही.

अहिंसेचा विचार करताना आपण हात आवरण्यावर सारा भर देतो. ते योग्यच आहे. परंतु कित्येक वेळा हात आवरला जाण्यासाठी आधी तोंड उघडावे लागते. शेजाऱ्याच्या दारात जाऊन सौम्यपणे पण स्पष्टपणे चार शब्द बोलण्याचे धैर्य ज्या घरात आहे, त्या घरात मांजरासाठी पोते शोधण्याची वेळ सहसा येत नाही.