रस्ता कुणाचा?

सण जवळ आला म्हणजे माणसे दाराला तोरण बांधतात. लंडनच्या नॉटिंग हिल भागातील कित्येक सधन कुटुंबे मात्र ऑगस्टअखेरीस खिडक्यांना फळ्या ठोकतात आणि दोन दिवस बाहेरगावी निघून जातात. त्या रविवारी आणि सोमवारी त्यांच्या दारावरून कॅरिबियन लोकांचा कार्निव्हल जायचा असतो. पिसांचे मुकुट ल्यालेली मुलेमाणसे, तेलाच्या पिंपांपासून घडवलेल्या स्टीलपॅनचा नाद, आणि दोन दिवसांत मिळून दहा लाखांच्या वर माणूस! हा उत्सव अरुंद रस्त्यांतून उचलून हाइड पार्कच्या मोकळ्या मैदानात न्यावा, हवे तर तिकीट लावावे, असे सुचवणारे वरचेवर निघतात. सूचना शहाणपणाची दिसते. पण तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. रस्ता कुणाचा? आज तिथे जो राहतो त्याचा, की ज्याने एके काळी तिथे हाल सोसले त्याचा?

१९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाज टिलबरी बंदराला लागले, आणि त्यानंतर वेस्ट इंडीजमधून माणसे येत राहिली. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या इंग्लंडला त्यांचे हात हवे होते. शेजार नको होता. काळ्या माणसाला खोली मिळेना. नॉटिंग हिलच्या पडक्या घरांत, लुबाडणाऱ्या घरमालकांच्या आश्रयाने, त्यांनी बिऱ्हाडे थाटली. १९५८ च्या उन्हाळ्यात गोऱ्या पोरांच्या टोळ्यांनी त्याच वस्तीत त्यांच्यावर हल्ले केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेली आणि लंडनमध्ये वृत्तपत्र चालवणारी क्लॉडिया जोन्स हिने त्यावर जे उत्तर शोधले, ते मला फार मोलाचे वाटते. तिने कार्निव्हल भरवला. तो जानेवारी १९५९ मध्ये, सेंट पँक्रस टाउन हॉलच्या चार भिंतींत झाला. थंडीच तशी होती. त्याच वर्षी मे महिन्यात केल्सो कॉक्रन हा अँटिग्वाचा सुतार नॉटिंग हिलच्या रस्त्यावर भोसकला गेला. त्या खुनाबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

उत्सव रस्त्यावर आला तो १९६६ साली. रॉन लॅस्लेट नावाच्या समाजसेविकेने मुलांसाठी जत्रा भरवली होती. तिथे रसेल हेंडरसनचा स्टीलपॅनचा ताफा वाजवता वाजवता चालू लागला, आणि लोक मागोमाग निघाले. ज्या रस्त्याने जीव मुठीत धरून घरी जायचे, त्याच रस्त्यावर भरदुपारी नाचायचे! ही नुसती करमणूक नव्हे. त्रिनिदादमध्येही असेच घडले होते. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली; मोकळ्या झालेल्या माणसांनी धन्यांचा कार्निव्हल रस्त्यावर आणून आपला केला, आणि १८८१ मध्ये पोलीस तो मोडायला आले तेव्हा ते त्यांच्याशी भिडले.

पुढे शहर पालटले. वस्तीची घरे पाडून वेस्टवे हा उन्नत रस्ता १९७० साली खुला झाला. उरलेल्या घरांना रंग लागला, किमती चढल्या, आणि पहिल्या बिऱ्हाडकरूंची पुष्कळशी नातवंडे दूरच्या उपनगरांत गेली. वर्षातून दोन दिवस ती आगगाडीने परत येतात. त्यांना पाहुणे म्हणावे की घरचे?

मैदानात सगळे काही मिळेल, एवढेच मिळणार नाही. तिथे कुंपण येते. कुंपणाबरोबर नाचणारा आणि पाहणारा वेगळा होतो. आणि आज दिलेली परवानगी उद्या नाकारताही येते. १४ जून २०१७ रोजी मिरवणुकीच्या वाटेपासून थोड्याच अंतरावरचा ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसे गेली. त्या ऑगस्टमध्ये दुपारी ३ वाजता सारी वाद्ये थांबली. ती शांतता हाइड पार्कमध्ये पाळली असती, तर ती कुणासाठी होती हे सांगावे लागले असते.

म्हणून उत्सव तिथेच राहावा, असे माझे मत आहे. परंतु स्मृतीचा हक्क सांगणाऱ्याने माणसांच्या जिवाची जबाबदारीही उचलली पाहिजे. दाराशी केलेली घाण काढणारा, किंवा आजारी आईसाठी डॉक्टर कसा येईल या घोरात असणारा रहिवासी हा काही वंशद्वेष्टा नसतो. २०२४ साली आपल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या एका आईला गर्दीत भोसकण्यात आले आणि ती पुढे दगावली. सुमारे ७००० पोलीस असूनही ते टळले नाही. अरुंद गल्लीत माणूस चेंगरण्याचे भय तर निराळेच. २०२५ साली महापौरांचे कार्यालय आणि दोन स्थानिक नगरपालिका यांनी मिळून सुरक्षिततेसाठी जवळजवळ दहा लाख पौंड दिले, ते योग्यच झाले. एवढी गर्दी एकट्या आयोजकांच्या खिशातून सांभाळली जाणे शक्य नाही.

मात्र पैशाबरोबर काही सोडायची तयारीही हवी. काही वाटा एकेरी कराव्यात, चौक भरला की मागची माणसे थोपवावीत, ध्वनिवर्धकांच्या भिंती कमी कराव्यात. त्याने उत्सव बाटत नाही. या भिंती १९७३ च्या सुमारास आल्या. हेंडरसनचा ताफा चालू लागला, तेव्हा पॅन गळ्यात अडकवलेले होते आणि मागे येणाऱ्यांना तेवढा आवाज पुरला होता.