निराशी आणि डिसअपॉइंटेड

आजचं वाचन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला तिसावा श्लोक. त्यात भगवंत अर्जुनाला 'निराशी' होऊन लढायला सांगतात. पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं ना? आपल्याकडे निराश माणसाला चहा पाजतात, समजूत घालतात. इथे तर तसं हो म्हणून सांगितलंय! पण गीतेतला निराशी म्हणजे फळाची आस सुटलेला. चौथ्या आणि सहाव्या अध्यायातही हा शब्द गुण म्हणूनच येतो.

परवा एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "मी नुसती सॅड नाहीये रे. मी देवावर डिसअपॉइंटेड आहे." तिचे बाबा नुकतेच गेले. आजारपणात ती रोज पारायण करत होती. मी काहीच बोललो नाही, पण तिने निवडलेला शब्द डोक्यातून जाईना.

इंग्रजीत हे शब्द खरंच वेगळे आहेत. अनहॅप्पीमधल्या 'हॅप'चा जुना अर्थ नशीब, म्हणून अनहॅप्पी म्हणजे मुळात कमनशिबी. सॅड तर एकेकाळी तृप्त, भरलेला या अर्थी होता. मग जड, मग दुःखी. (पोटभर पुरणपोळी खाल्ल्यावर हे पटतं.) या दोन्हीत दोष कुणाचाच नाही. डिसअपॉइंट मात्र फ्रेंचमधून आला तो 'पदावरून काढणे' या अर्थाने. अपॉइंट केलेल्याला हटवणं!

आपणही मनातल्या मनात अशा नेमणुका करत असतो. मित्र, बायको, बॉस, देव. नेमणूकपत्र समोरच्याला मिळालेलंच नसतं, बडतर्फी मात्र थेट पोहोचते.

पण हे मी तिला ऐकवलं नाही. बाबांसाठी नाही मागायचं, तर मग कशासाठी मागायचं? तिला आत्ता 'निराशी हो' म्हणणं मला क्रूरपणाच वाटतो. गीतेलाही घाई नाही. हा शब्द येतो तिसऱ्या अध्यायात. त्याआधी अख्खा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाला दिलाय, आणि त्या विषादालाही 'योग' म्हटलंय. त्या ४७ श्लोकांत भगवंत एकदाच बोलतात, तेही समोर जमलेल्या कौरवांकडे बघ, एवढंच. बाकी ऐकून घेतात. पुढे दुसऱ्या अध्यायात चांगलेच खडसावतात, पण हातातले लगाम सोडत नाहीत.

पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात मटकन बसतो, आणि अध्याय तिथेच संपतो. तिने सध्या तेवढंच वाचलं तरी चालेल.