पुण्याचे हप्ते

नागपूरच्या माणसाला समुद्र नाही. झीरो माईलच्या खांबापाशी उभे राहून त्याने कुठल्याही दिशेला तोंड केले, तरी खारा वारा म्हणून लागायचा नाही. काठाकाठाने चालण्याची हौस आलीच, तर फुटाळ्याला चकरा माराव्यात, नाहीतर सरळ नर्मदा गाठावी. आमच्या साडूंनी नर्मदा गाठली.

परिक्रमेला परंपरेने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस सांगितले आहेत. नदी १३१२ किलोमीटर, आणि चालायचे दोन्ही काठ. साडू बँकेतून निवृत्त झालेले, पण घरी शहाऐंशी वर्षांची आई. त्यामुळे रजा मिळते ती बहिणीकडून : ती अमरावतीहून येऊन राहील तेवढे पंधरा दिवस. म्हणून खंड-परिक्रमा. आमची ही म्हणाली, "फ्रिज हप्त्यांनी घेतला, आता पुण्यही हप्त्यांनी!"

तसे पाहिले तर यात लाजण्यासारखे काही नाही. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, असेच तुकड्यातुकड्यांनी निघाले होते. तिकडे इंग्लंडात माइनहेडपासून पूलपर्यंत समुद्रकाठाने हजारावर किलोमीटरची पायवाट आहे. मुळात ती चोरटा माल पकडणाऱ्या पहारेकऱ्यांची. लोक ती सुट्ट्यासुट्ट्यांत, वर्षानुवर्षे चालतात. पण त्यांच्या पायवाटेला नवस नसतो. आमच्या साडूंची पंचाईत तिथेच होती.

नियम दोन. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, आणि ती ओलांडायची नाही. तिसरा साडूंनी आपल्या पदरचा घातला : जिथे थांबलो तिथूनच पुन्हा पहिले पाऊल. डायरीत घाटाचे नाव, शेजारचे झाड, वेळ. मी एकदा विचारले, "तीन किलोमीटर रिक्षाने गेलात, तर कोणाला कळणार?"

"मले," ते म्हणाले. "ताळा जुळत नाही मग."

ओंकारेश्वरहून निघाले, तोवर दक्षिण तट होता. घर त्याच बाजूला, सगळे ठीक. खंबातच्या आखातात होडीने पलीकडे गेले आणि उत्तर तट सुरू झाला. आता नागपूरला यायचे म्हणजे नर्मदा ओलांडणे आलेच! भडोचच्या पुलावर गाडी गडगडत होती तेव्हा साडू डोळे गच्च मिटून बसले होते म्हणे. नवस तात्पुरता खुंटीवर टांगला, असा युक्तिवाद. मला तो वकिली वाटला. पण वकिली युक्तिवादांवर निम्मा संसार चालतो.

पुढच्या खेपेला महेश्वरच्या घाटावर फोन आला. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले. तिथल्या एका अखंड परिक्रमावासीने बजावले, "ओलांडलीत, तर पहिल्यापासून." साडूंनी ओलांडली. डोळे उघडे होते. फोनला रेंज येते का ते बघत होते.

आता तुम्हीच सांगा, परिक्रमा मोडली की नाही? त्या अखंडवाल्याबद्दल मला आदर आहे. पण तो चालतो तेव्हा त्याच्या घरी सकाळचे पाणी कोणीतरी भरत असतेच ना? वाटेत त्याला सदावर्ताचा शिधा मिळतो, तोही कोणाच्या तरी शेतातला. आणि काठ तरी तोच कुठे राहिला आहे? सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटर झाली, २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले, आणि जुनी वाट कितीतरी कोस पाण्याखाली गेली. तिथे अखंडवालाही डोंगरातून वळसा घेतो, आणि त्याला कोणी पहिल्यापासून चाल म्हणत नाही. पाण्यासाठी वळसा चालतो, तर आईसाठी का नको?

साडूंना हे पटत नाही. "पाणी समोर येते," ते म्हणतात, "आईकडे मी गेलो." या फरकावर ते आठ महिने अडून बसले आहेत, आणि खरे सांगायचे तर मलाही तो फरक पुसता आलेला नाही.

म्हातारीला मात्र शंका नाही. पडल्या पडल्या रोज विचारते, "महेश्वराच्या पुढे काहून जाऊन नाही राहिला रे?" शेवटी साडूंनी तिकीट काढले, महेश्वरचेच. बहिणीला या खेपेस जमत नाही, म्हणून आमच्या हिने परस्पर माझे नाव दिले आहे. पंधरा दिवस मी महालात, म्हातारीपाशी. तिचा निरोपही आला आहे : जावयाले रमी येते का, आन् येत असन तर सुट्टे पैसे घेऊन ये म्हणा.