शेपूट धरून तरणारे

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतून सह्याद्री चढायला दोन मोठे घाटरस्ते आहेत. कसाऱ्याने वर गेलं की इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद लागतं. सीतेसाठी रावणाशी झुंजलेला जटायू इथे पडला आणि रामाने स्वतः त्याचे अंत्यसंस्कार केले, अशी तिथली श्रद्धा आहे. माळशेजने वर गेलं की जुन्नर तालुक्यातलं आळे येतं. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची तिथे समाधी आहे आणि वारकरी तिच्यापुढे माथा टेकतात. एक गिधाड आणि एक रेडा. प्राण्यांना मरणानंतर काही गती आहे का, या प्रश्नाचं लोकांनी दिलेलं उत्तर दोन्ही घाटमाथ्यांवर आहे.

शास्त्राचं उत्तर याहून आखडतं आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून फिरणारा जीव एकच, हे शास्त्र मान्य करतं. पण पशूचा जन्म ही भोगयोनी. तिथे जुनं कर्म फेडायचं, नवं पुण्य जोडता येत नाही. मोक्षाचं दार माणसाच्या जन्मातच उघडतं. म्हणजे मुक्या जनावराला प्रवास आहे, पण त्या प्रवासावर त्याचा स्वतःचा काही हक्क नाही.

आणि तरीही आपला परलोक प्राण्यांवाचून एक पाऊल चालत नाही. यम रेड्यावर बसून येतो. पिंडाला कावळा शिवला नाही तर घरातली माणसं कासावीस होतात. गरुडपुराणातली वैतरणी ओलांडायला गाय लागते, म्हणून मरणाऱ्याच्या हातून गोदान करवतात, तिचं शेपूट त्याच्या हाती देतात. शहापूरच्या डोंगरांतून वाहणारी आणि मुंबईची तहान भागवणारी नदीही वैतरणाच. तर माणूस गाईचं शेपूट धरून पलीकडे पोचतो. गाईचं पुढे काय होतं? ते विचारायचं कुणाला सुचलेलं दिसत नाही. तिचं काम झालेलं असतं.

प्राण्याला स्वर्ग देऊ करणारं एक जुनं वचन आहे, पण ते मला अस्वस्थ करतं. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला की लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. त्यात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गाईंची नोंद आहे. अश्वमेधाच्या घोड्याला ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं सूक्त सांगतं, की तू इथे मरत नाहीस, सोप्या वाटेने देवांकडे जातोस. चार्वाकांनी यावर रोखठोक विचारलं होतं: यज्ञात मारलेला पशू स्वर्गाला जात असेल, तर यजमान स्वतःच्या बापालाच का नाही पाठवत? इथे मी पूर्णपणे चार्वाकांच्या बाजूचा आहे. मारणाऱ्याचं मन हलकं करण्यासाठी सांगितलेला स्वर्ग प्राण्याचा नसतो, मारणाऱ्याचा असतो.

गाईला माता म्हणणाऱ्यांनी तिच्या मरणाचं काय केलं, हेही इथे बोलायला हवं. जिवंतपणी जिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ती मेल्यावर तिला हात लावायलाही गाव तयार नव्हता. मेलेलं जनावर ओढून नेणं महारांच्या माथी मारलं गेलं, आणि त्यासाठीच त्यांना विटाळाचं ठरवलं गेलं. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ही कामं सोडण्याचं आवाहन केलं, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी. पण त्या आवाहनाने गाईला पवित्र मानणाऱ्यांपुढेही एक प्रश्न टाकला: तुमचं पावित्र्य तिच्या शेवटच्या श्वासाबरोबरच संपतं काय?

ज्यांचा परलोकावरच विश्वास नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद आहे तो माणसाला परलोक देऊन जनावराला नाकारणाऱ्यांशी. ते म्हणतात, प्राण्याला धर्माधर्म कळत नाही. मग जटायूचं काय करायचं? म्हातारा होता, रावणापुढे आपला टिकाव लागणार नाही हे जाणून होता, तरी आडवा आला. याला निवड म्हणायचं नाही तर कशाला? ती कथा आहे, असं म्हणून सुटका होत नाही. कारण माणसाच्या स्वर्गालाही कथांखेरीज दुसरा साक्षीदार नाही. जैनांनी या बाबतीत मन मोठं केलं. त्यांच्या मते मन असलेला पंचेंद्रिय प्राणी व्रत पाळू शकतो, देवगतीला जाऊ शकतो, आणि महावीरांच्या पूर्वभवांत एक सिंहाचा आहे.

इथल्या रानातही ही दृष्टी आहे. आश्विन वद्य द्वादशीला घराघरांत वसुबारस असते, गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी आदिवासी पाड्यांवरचे गुराखी वाघबारस करतात, शेंदूर लावलेल्या वाघोबापुढे नैवेद्य ठेवतात. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगरात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघांचाही मान एकाच तिथीला.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत घेतलेला बैल वर्षानुवर्षं चिखलणी करतो, घर पोसतो. तो गेल्यावर बांधाशी खड्डा खणून, मीठ घालून त्याला पुरणारी घरं आजही आहेत. कुणी दहावंही घालतं. त्याला वेडेपणा म्हणून हसणारे आपलेच विधी विसरतात. तर्पणात ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांच्या तृप्तीसाठी पाणी सोडायचं असतं. गयेच्या श्राद्धात पशू, पक्षी, कीटक आणि सरपटणाऱ्यांच्या योनीत गेलेल्यांसाठीही पिंड आहे. भाद्रपदात बापाच्या नावाने पाणी सोडून झाल्यावर मुरबाडच्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या बैलाचंही नाव घेतलं, तर ते पाणी शास्त्राबाहेर पडत नाही.